जोडीचा आकडा

"घे गं, माझ्यात लई झालं."

असं म्हणून ती आपल्या पाटीतले ओंजळभर सुतळी बॉम्ब उचलायची आणि शेजारणीच्या पाटीत टाकायची. टाकताना मान वर व्हायची नाही. दुसऱ्या हातात सुतळीचं टोक तसंच ताणून धरलेलं असायचं. शेजारीण नको म्हणायची नाही आणि बरंही म्हणायची नाही. दिवस कलला की हे रोज चालायचं.

तेरखेड्याच्या बाहेर माळावर फटाक्यांचे कारखाने आहेत. त्यातल्या एका लहानशा कारखान्यात बायकांच्या शेडवर देखरेख करण्याचं काम मी करते. बारूद भरलेल्या कागदी डबीवर सुतळी घट्ट गुंडाळायची, वात बसवायची, खळ लावून वाळायला ठेवायची. काम बसून करायचं, पण डोकं जागेवर ठेवून. फाटकावर मोबाईल आणि काडेपेटी राखणदार चाचांकडे द्यायची. अंगावर सुती कपडा. आत पळायचं नाही, ओरडायचं नाही, भांडण बाहेर ठेवून यायचं. शेवटचा नियम माझा. पाळला जायचा नाही, पण मी सांगायची.

तिचं नाव लिहीत नाही. आमच्याकडची गावं लहान आहेत, आणि नाव का लिहीत नाही ते पुढं कळेलच.

अशा बायका तुमच्याही पाहण्यात असतील. कुठल्याही कामावर एक असते, जिचा हात बाकीच्यांपेक्षा निराळाच चालतो. इतर जणी सुतळी गुंडाळायच्या. हिच्या हातात डबी आपणहून फिरतेय असं वाटायचं. आणि तोंड त्याहून जोरात. आमच्या म्हाताऱ्या मुनीमजींची ती हुबेहूब नक्कल करायची. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, कागद छातीपासून लांब, आणि प्रत्येक नावाआधी एक खाकरणं. एकदा मुनीमजी दारात उभे होते आणि ती त्यांच्याच आवाजात माझी हजेरी घेत होती. मुनीमजी म्हणाले, "बाई, खाकरणं जरा कमी झालं." ती म्हणाली, "उद्या जास्त घालते, मुनीमजी."

आता या मुनीमजींचं संध्याकाळचं काम सांगितलं पाहिजे, कारण सगळं त्याच्यावर आहे.

काम सुटायच्या वेळी बायकांच्या आणि पुरुषांच्या दोन्ही शेडमधले लोक अंगणात जमायचे. मजुरी नगावर असल्यामुळे मुनीमजी ओट्यावर उभे राहून कुणाचे किती नग झाले तो आकडा मोठ्यानं वाचायचे. कुणाचं किती ते सगळ्यांनी ऐकलं की नंतर तंटा नको, ही थोरल्या मालकांनी घालून दिलेली पद्धत. ज्या घरातले नवरा-बायको दोघंही आमच्याकडे होते, त्यांचा पुकारा जोडीनं व्हायचा. आधी त्याचा आकडा, लगेच तिचा. त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं.

बायकोचा आकडा नवऱ्यापेक्षा मोठा आला की अंगणात हशा व्हायचा. "सरकार पडलं, सरकार पडलं." "अण्णा, भाकरी थापायला शिका आता." त्यातला एक म्हातारा पक्का होता. त्याची म्हातारी रोज त्याच्या पुढं असायची. तो म्हणायचा, "मला पोसती माझी म्हातारी. तुमच्या का पोटात दुखतं?" पण असं म्हणणारा तो एकटा. बाकीचे हसण्यात हसू मिसळायचे, आणि ते हसू घरापर्यंत टिकायचं नाही.

तिचा नवरा पुरुषांच्या शेडमध्ये हेच काम करायचा. दिसायला नीटनेटका, रोज दाढी केलेली, बोलायला गोड. मला ताई म्हणायचा. पूर्वी तो भूमहून खव्याचा टेम्पो चालवायचा. मालकानं टेम्पो विकला आणि याचं स्टिअरिंग सुटलं. अंगणात अजून सगळे त्याला ड्रायव्हर म्हणायचे, आणि त्याला ते आवडायचं. बसून सुतळी गुंडाळणं हे त्याला काम वाटत नसे. हातही तितपतच चालायचा.

तिचा आकडा रोज त्याच्या खाली असायचा. फार खाली नाही. दोन-चारानं, कधी दहा-वीसानं. शेडमध्ये तिच्याइतका हात कुणाचाच नाही हे मला दिसत होतं, आणि आकडा मात्र रोज मधला. पहिल्यांदा मला वाटलं, शेजारीण विधवा आहे, तिच्या पदरात टाकते. चांगली बाई आहे. मग लक्षात आलं की टाकण्याआधी ती पाणी मागते.

पाणी वाटायला एक म्हातारी होती. दोन्ही शेडमध्ये तीच फिरायची. ही तांब्या तोंडाला लावायच्या आधी विचारायची, "तिकडं कसं काय?"

म्हातारी सांगायची, "आज ढिलं हाय." किंवा "आज बरं चाललंय."

ढिलं असलं की ओंजळी जास्त जायच्या.

सुरुवातीला, हा हिशेब नीट बसायच्या आधी, डोळ्याखाली निळं दिसलं की माझ्या विचारण्याआधी ती सांगून मोकळी व्हायची. "बकरीनं ढुशी मारली, बाई." पुढच्या वेळी गालावर, पुन्हा बकरी. एकदा मी म्हटलं, "तुझी बकरी भलतीच उंच आहे." ती म्हणाली, "व्हय. जातच तशी. मागच्या पायावर उभी राहून पाला खाती." सगळी शेड हसली. सगळ्यांत जास्त तीच हसली, बरगडीला हात लावून.

एकदा पाणीवाली म्हातारी तापानं पडली आणि आली नाही. दिवसभर तिकडची काही खबर नाही. कलत्या उन्हात हिनं अंदाजानं ओंजळी टाकल्या. अंदाज चुकला. मुनीमजींनी जोडीचा पुकारा केला आणि हिचा आकडा वर निघाला. थोडासाच.

कुणीतरी म्हणालं, "काय ड्रायव्हर, बायको मागून गाडी ढकलतीय का?"

हशा झाला. तोही हसला. बोलणाऱ्याच्या हातावर त्यानं आपली तंबाखू ठेवली. ती ओट्याच्या कडेला उभी होती, आणि मी पाहिलं, तिनं चप्पल घालायला फार वेळ लावला.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. तो आला, दाढी करून. "ताई, तिला ताप हाय," म्हणाला. तिसऱ्या दिवशी ती आली. डावा हात छातीशी धरलेला, पदर कपाळावर ओढलेला. तिनं डाव्या हाताची दोन बोटं आणि गुडघा यांच्यात डबी धरून काम सुरू केलं.

मी विचारलं, "बकरी?"

ती म्हणाली, "बकरी."

त्या दिवशी शेडमध्ये कुणी हसलं नाही.

सुट्टीच्या दिवशी मी स्कूटी काढून तिच्या घरी गेले. मला माहीत करून घ्यायचं होतं, दुसरं काही नाही. दोन खोल्यांचं पत्र्याचं घर, शेणानं सारवलेलं अंगण, दोन पोरी पाटीवर अक्षरं काढत बसलेल्या. बकरी नव्हती. दावं नव्हतं, खुंटा नव्हता, लेंड्या नव्हत्या. त्या घरात बकरी कधी आलीच नव्हती.

नवऱ्यानं खुर्ची झटकून दिली आणि दुधाला पोरगी पिटाळली. ती चुलीपाशी गेली. सासू भिंतीला टेकून बसली होती. तिनं मला आधी जोखलं, मग म्हणाली, "तुमी कशाला आलाव ते कळतंय मला. नवरा-बायकुचं हाय. भांड्याला भांडं लागतंच."

मी म्हटलं, "भांडं एकच वाजतंय, आजी."

तिनं ओठ वर करून मला समोरच्या दातांची रिकामी जागा दाखवली. "ह्याच्या बापानं पाडला. पाट्यावर. ह्यो इतका हुता, कणगीमागं जाऊन बसायचा. म्या गेले का कुणाच्या दारात? आन हिचं काय हाय, हिला दम न्हाय. बाईचा हात लई चालाय लागला की पुरुषाचा हात सुटतो. तिनं जरा दमानं घ्यावं."

हे ती रागानं बोलत नव्हती. भाजीत मीठ किती घालावं हे सुनेला सांगावं, तसं बोलत होती.

चहा झाल्यावर नवरा मला स्कूटीपर्यंत पोचवायला आला. "ताई, म्या काय रोज मारतो का? तिलाच इचारा. टेम्पो चालवत हुतो तवा बोट लावलं न्हाय तिला."

"तेव्हा ती घरी होती."

"मग मी तरी दुसरं काय म्हणतोय?" आपली बाजू सिद्ध झाली असं त्याला वाटलं. मग आवाज खाली आणून म्हणाला, "लोकं हसत्यात, ताई. तुमाला न्हाय कळायचं."

"मग हसणाऱ्याला मार की."

मी थट्टा करतेय का हे त्यानं क्षणभर पाहिलं. "त्यांच्यात मला ऱ्हायचं हाय," म्हणाला.

मला त्याच्या या एका वाक्याचा जितका राग आला तितका सासूच्या सगळ्या बोलण्याचा आला नाही. तो खरं बोलत होता.

जेवणाच्या सुट्टीत मी तिला बाजूला घेतलं आणि सरळ विचारलं, पोलिसात जायचं का. धाराशिवला बायकांसाठी मदत केंद्र आहे, तिथं जायचं का. माहेरी जायचं का.

तिनं भाकरीचा तुकडा खाली ठेवला आणि एकेकाचं उत्तर दिलं. "पोलीस त्याला सांजच्याला सोडणार. घर सासूचं. म्या पोरी घिऊन कुठं बसू, चौकीत? माहेर सोनारीला. बाप न्हाय. आठवीत हुते तवा लगीन लावलं, कारण थोरलीच्या मांडवात खर्च वाचत हुता. भाऊ दोन दिस चांगलं चहापानी करंल. तिसऱ्या दिशी वैनी इचारंल, 'जावईबापू कवा येणार?' चौथ्या दिशी भाऊच गाडीत बसवून दिल."

"मग काय करणार?"

"करतेच की," ती म्हणाली आणि भाकरी उचलली.

मला वाटलं, ती ओंजळींबद्दल बोलतेय. मार टाळते, एवढंच ती करते. तेव्हा मला एवढंच कळलं होतं.

त्या पावसाळ्यात धाकटे मालक कारभार पाहायला लागले. पुण्याला शिकून आलेला मुलगा, मनानं चांगला. सगळ्यांना अहोजाहो करायचा. त्याला शेडमध्ये दोन गोष्टी खटकल्या. एक, पाट्यांची सरमिसळ होते. दुसरी, बायका चांगलं काम करतात आणि त्यांचं कौतुक कुणी करत नाही. दोन्हींवर त्यानं उपाय केला. प्रत्येक पाटीच्या काठाला वेगळ्या रंगाचा पट्टा मारला आणि प्रत्येक डबीच्या बुडाशी त्याच रंगाचा ठिपका. दसऱ्याच्या आदल्या दिवसाचं काम ज्याचं सगळ्यांत जास्त, त्याला मिक्सर. बाई असो की पुरुष. मिक्सर ऑफिसच्या काचेत ठेवला, सगळ्यांना दिसेल असा.

तिच्या पाटीला पिवळा पट्टा आला. पहिल्याच दिवशी तिनं सवयीनं ओंजळ उचलली, पिवळे ठिपके पाहिले आणि परत आपल्याच पाटीत ठेवली. शेजारणीनं तिच्याकडे पाहिलं. ही म्हणाली, "पिवळ्यांची जात वेगळी झाली गं." आणि हसली.

तुम्ही म्हणाल, हात हळू करायचा. मीही तेच म्हटलं. पण हळू काम करणं हे वाटतं तेवढं सोपं नाही. तिची बोटं मध्येच पळत सुटायची. थांबली की धाकटे मालक येऊन उभे. "मावशी, बरं नाही का? डॉक्टरकडे नेऊ का?" काळजीनं विचारायचे. सगळी शेड मान वळवून बघायची. मग ती पुन्हा पळायची.

त्या दिवसांत मी शेडमध्ये घड्याळापेक्षा पाणीवालीकडे जास्त पाहायची. "ढिलं हाय" ऐकलं की मी तिची पाटी नजरेनं मोजायला लागायची. संध्याकाळी मुनीमजी खाकरले की जोडीचा पुकारा होईपर्यंत मी अंगणातून हलायची नाही. कधी ती वाचायची, कधी नाही. नाही वाचली की दुसऱ्या दिवशी पदर पुढं. बकरीचं नाव तिनं सोडलं होतं.

मग मला तिच्या पाटीत पोचट बॉम्ब सापडायला लागले.

मी प्रत्येक पाटीतले दोन-चार अंगठ्यानं दाबून पाहते. घट्ट गुंडाळलेला दगडासारखा लागतो. तिचे लागायचे तसे. आता मधूनमधून एखादा दबायचा, वात हलायची. खराब माल बाजूला काढतात, तो आकड्यात धरत नाहीत. तिनं ती वाट काढली होती. पण मी सगळे दाबत नाही, कुणीच दाबत नाही. त्यातला एखादा खोक्यात जाणारच.

मी तिला शेडच्या मागं नेलं आणि तो बॉम्ब तिच्या पुढं धरला. "हे बघ. तुझ्या घरात काय चाललंय ते मला माहीत आहे. पण हे मी चालू देणार नाही. सैल वात म्हणजे लावताक्षणी फुटणार. कुणाच्या तरी पोराच्या हातात फुटेल."

ती त्याच्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "मग कुठं फुटू दिऊ, बाई?"

तिनं तो बॉम्ब माझ्या हातातून घेतला, तिथंच बसून सुतळी उलगडली आणि पुन्हा घट्ट गुंडाळली. गुंडाळता गुंडाळता बोलली. "पुन्ना न्हाय करनार. पर तुमाला वाटतं का, म्या इतके दिस माझं काम फेकून देत हुते?"

"म्हणजे?"

"तिच्या पाटीत टाकलेल्याचं समदं पैसं तिच्याकडं हायत. निम्मं तिचं, निम्मं माझं. मह्या घरात ठिवलं असतं तर एका दिसात हुडकलं असतं त्यानं. तिच्या घरात पुरुषच न्हाय. कोण हुडकतंय?"

रोज माझ्या डोळ्यांदेखत ओंजळ टाकून ती मार टाळत होती आणि त्याच ओंजळीत घराबाहेर पडायची सोय करत होती. विधवा शेजारीण एका शब्दानं कुठं बोलली नव्हती. मी शेडवर देखरेख करते, आणि मला यातलं काही दिसलं नव्हतं. दोघींनी ते दिसू नये अशीच व्यवस्था केली होती, आणि चांगली केली होती.

"आता पट्टा मारलाय," ती म्हणाली. "आता काय जमत न्हाय. जमलं तेवढ्यावरच निघायचं."

मी त्याच दिवशी धाकट्या मालकांकडे गेले. म्हटलं, आकडा मोठ्यानं वाचणं बंद करा. जोडीनं तर नकोच. ज्याची त्याची चिठ्ठी ज्याच्या त्याच्या हातात द्या.

ते म्हणाले, "ताई, उलट चांगलं नाही का? बायका पुढं आहेत, हे सगळ्यांना कळू दे."

"कळतं सगळ्यांना. मार एकीला बसतो."

"कुणाला?" असं त्यांनी विचारलं नाही, हे त्यांचं शहाणपण. "बक्षीस जाहीर केलंय," म्हणाले. "दसऱ्यापर्यंत असू द्या. दुसऱ्या दिवसापासून चिठ्ठ्या." हा शब्द त्यांनी पाळला. आज आमच्याकडे चिठ्ठ्याच आहेत. पण दसरा मध्ये होता.

धाराशिवच्या मदत केंद्रातल्या बाईंशी मी बोलून ठेवलं. काय काय लागेल ते त्यांनी सांगितलं, पोरींच्या शाळेचे दाखले, आधार कार्डं. ते कागद तिनं थोडे थोडे डब्याच्या पिशवीतून आणून माझ्याकडे दिले. शेजारणीच्या नात्यात लांबच्या एका गावात एक खोली रिकामी होती. दसऱ्याच्या आदल्या दिवशी शेजारीण रजा घेणार, दोन्ही पोरींना काळभैरवाच्या दर्शनाला नेते म्हणून घेऊन जाणार. सासूनं आनंदानं हो म्हटलं. फुकटात नाती देवाला जाऊन येतात, तिचं काय जातंय?

त्या दिवशी सकाळी ती आली तेव्हा शेजारची जागा रिकामी होती. ती बसली आणि तिनं सुतळी ओढली. मी इतकी वर्षं त्या शेडमध्ये आहे, पण तिचा पूर्ण हात मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. बाकीच्या बायका मधूनमधून थांबून बघत होत्या. ती कुणाशी बोलली नाही, नक्कल केली नाही. पिवळ्या पट्ट्याची पाटी भरली, मुनीमजींनी मोजून नेली, पुन्हा भरली.

दुपारी पाणीवाली आली. तिनं न विचारताच सांगितलं, "पोरी, आज तिकडं लई ढिलं हाय बरं का."

ती म्हणाली, "असू दे."

मी तिच्याजवळ जाऊन वाकले. "वेडी आहेस का? आज तर कमीच ठेव. गुपचूप निघायचंय आपल्याला. त्याला संशय आला तर पोरी एकीकडे आणि तू एकीकडे."

हात न थांबवता ती म्हणाली, "बाई, इतकी वर्सं खोटा आकडा ऐकला. एकदा खरा ऐकू द्या. पुन्ना कवा कोण वाचून दाखवनार हाय?"

मला ते मुळीच पटलं नाही. आजही पटत नाही. ज्याच्यापासून सुटायचं त्याला जाता जाता डिवचू नये, एवढं साधं गणित आहे. सोडून निघालेली बाईच सगळ्यांत जास्त मार खाते, हे मदत केंद्रातल्या बाईंनी मला दोनदा बजावलं होतं. मी तिला ते सांगितलं. तिनं मान हलवली आणि पुढची डबी घेतली.

संध्याकाळी अंगण भरलं. मिक्सर ओट्यावर आणून ठेवला होता, वर हार घातलेला. मुनीमजी खाकरले. एकेक नाव, एकेक आकडा. मग तिची जोडी. आधी त्याचा आकडा वाचला. मग मुनीमजींनी कागद आणखी लांब धरला, एकदा मनाशी वाचला आणि मग मोठ्यानं तिचा वाचला.

त्याच्या जवळजवळ दुप्पट.

पहिल्यांदा कुणी हसलंच नाही, इतका तो मोठा होता. मग मागून कुणीतरी म्हणालं, "ड्रायव्हर, मिक्सर आला घरी. वाटण आता तुमीच करा." आणि अंगण फुटलं. तो हसला. सगळ्यांच्या बरोबरीनं हसला. खिशातून तंबाखूची पुडी काढली आणि परत ठेवली, मळली नाही. मी त्याच्या हाताकडे बघत होते.

ती ओट्यासमोर उभी होती. मुनीमजींनी वाचलेला आकडा तिनं ओठातल्या ओठात एकदा म्हटला. धाकटे मालक बक्षिसाआधी दोन शब्द बोलायला लागले. ती माझ्याकडे वळून, सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "पानी पिऊन येते, बाई."

फटाक्याच्या शेडला मागचं दार असतं आणि ते कामाच्या वेळी कडी न लावता ठेवावं लागतं. आग लागली तर माणसांनी जायचं कुठून? मी त्या दाराच्या आणि अंगणाच्या मध्ये जाऊन उभी राहिले. बायका माझ्या दोन्ही बाजूंना येऊन उभ्या राहिल्या. मी कुणाला बोलावलं नव्हतं. धाकटे मालक बायकांच्या कष्टाबद्दल छान बोलत होते. मागं वाळक्या गवतावर पावलं वाजली आणि थांबली. पलीकडच्या रस्त्यावर मदत केंद्राच्या बाई गाडी घेऊन थांबणार होत्या. गाडीचं दार लागल्याचा आवाज मला आला, की यावा असं वाटत होतं म्हणून आला, सांगता येत नाही.

पुढचं आधीच सांगून टाकते, म्हणजे तुमचा जीव टांगणीला राहायला नको. ती आणि पोरी नीट आहेत. कुठं आहेत ते लिहीत नाही. आपण आपल्या मर्जीनं निघालोय असा जबाब ती त्याच संध्याकाळी स्वतः पोलिसांत देऊन गेली होती, त्यामुळे नवरा चौकीत गेला तेव्हा बायको हरवल्याची तक्रार कुणी घेतली नाही. तो सोनारीला गेला. भावानं आईची शपथ घेऊन सांगितलं की मला ठाऊक नाही, आणि त्याला खरंच ठाऊक नव्हतं. माझ्या दारातही तो दोनदा आला. एकदा रडला, एकदा दारावर लाथ मारली. मी दोन्ही वेळा आतूनच बोलले. सासू मात्र एकदा एकटी आली. ओसरीवर बसली, पाणी प्याली आणि जाताना विचारलं, "पोरी शाळंत जात्यात का?" मी हो म्हटलं. ती उठून गेली. मिक्सर बरेच दिवस ऑफिसात पडून होता. नंतर मी तो तिला पोचवला.

पण मला अजून दिसते ती त्याच संध्याकाळची फाटकातली गोष्ट.

बक्षिसासाठी तिचं नाव दोनदा पुकारलं गेलं. ती आली नाही म्हणून मी वर जाऊन तिच्या वतीनं हात लावला. लोक पांगले. तो फाटकाबाहेर जाऊन मोटारसायकल चालू करून थांबला. बायका एकेक करून बाहेर पडायला लागल्या. शेडमधल्या अर्ध्याअधिक जणींना काहीतरी ठाऊक होतं, उरलेल्यांना अंदाज होता.

"मावशी, आमची आत हाय का?" त्यानं पहिलीला विचारलं. ती पदर सावरत पुढं गेली.

"वैनी, ती कुठं राह्यली?" दुसरी त्याच्याकडे न बघता गेली. तिसरी, चौथी. त्या भरभर चालत नव्हत्या आणि घुटमळतही नव्हत्या. ज्या बायका बसमध्ये खिडकीसाठी तासभर भांडतात, त्यांच्यातली एकही बोलली नाही. रोज ज्याच्या म्हातारीच्या आकड्याला सगळे हसायचे, तो म्हातारा म्हातारीबरोबर बाहेर आला. नवऱ्यानं त्याला विचारलं. म्हाताऱ्यानं तोंड उघडलं आणि म्हातारीनं त्याचा दंड धरला. तोही गेला.

मी शेवटी निघाले. चाचांनी फाटक लावायला घेतलं.

"ताई," तो म्हणाला, "ती आत हाय ना?"

"आत कुणी नाही. शेड बंद झाली."

त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग बंद होणाऱ्या फाटकाकडे. गाडी चालूच होती. तो सीटवर टाकीपर्यंत पुढं सरकून बसलेला होता, तिला मागं नीट बसता यावं म्हणून.